नवी साइट, गप्प माणसं

तुम्ही विचारलंत म्हणून हे उत्तर. चर्चेची साइट गावमंडळाची असो, आंबा बागायतदारांची असो की मुंबईतल्या चाकरमान्यांची, ती चालवणारे एकच विचारतात: साइट नव्याने बांधली, मोबाईलवर नीट दिसते, बघणारेही वाढले, मग लिहिणारे का घटले? रंगरूप आवडलं नाही का लोकांना?

रंगरूपाचा दोष क्वचितच असतो. रंगावर लोक चार दिवस कुरकुरतात आणि विसरतात. लिहिणं थांबतं ते हाताच्या सवयी मोडल्यामुळे, आणि त्या कोणाच्या मोडल्या हे बांधणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण ती माणसं संख्येने फार थोडी असतात. वेबसाइटींच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये मांडलेला ठोकताळा असा, की शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक लेखन उरलेल्या एकाचं असतं. प्रमाण साइटगणिक बदलतं, उतार मात्र असाच. हापूसवाल्यांची तीन हजार सदस्यांची साइट धरा. सत्तावीसशे जण रोमात, म्हणजे नुसते वाचणारे. मोहोर काळा पडला म्हणून फोटो टाकणारे अडीच-तीनशे. आणि ही तुडतुड्यांची कीड की भुरीची बुरशी, फवारणी आज की मळभ गेल्यावर, हे सांगणारे तीसेक. या तिसांतले दहा गेले तर भेटींच्या आकड्यावर ओरखडाही उठत नाही. प्रश्न मात्र अनुत्तरित राहू लागतात. दोन दिवस उत्तर आलं नाही की विचारणारा व्हॉट्सॲप गटात जातो, आणि पुढच्या वेळी आधी तिकडेच.

पहिला घाव बहुधा यादीवर बसतो. जुन्या साइटवर ‘नवीन लेखन’ नावाची रुक्ष यादी असते: धाग्याचं (चर्चेचं) नाव, लिहिणारा, प्रतिसाद किती, त्यातले न वाचलेले किती. एका पडद्यावर वीस ओळी. नव्या साइटवर त्या जागी मोठ्या फोटोंची कार्डं येतात, मोबाईलवर एका वेळी दोन, आणि क्रम ‘लोकप्रिय’ असा. वाचणाऱ्याला हे छान वाटतं. उत्तर देणाऱ्याचं काम वेगळं असतं. काल जिथे सोडलं तिथून वर चढत जायचं आणि शून्य प्रतिसादाचे धागे उचलायचे. कार्डांत ते करायला अंगठा दुखतो. लोकप्रियतेच्या क्रमात तर ते होतच नाही, कारण ज्या प्रश्नाला उत्तर नाही तो वर येत नाही आणि वर आला नाही म्हणून त्याला उत्तर मिळत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचा वाद मात्र आठवडाभर माथ्यावर बसून राहतो.

उपाय सोपा आहे, फक्त डिझायनरला तो कुरूप वाटतो. वेळेनुसार लावलेली साधी यादी एका टिचकीच्या अंतरावर ठेवा आणि ज्याने ती निवडली त्याला पुढच्या वेळी तीच दाखवा. ‘उत्तर न मिळालेले’ असा वेगळा कप्पा द्या. आणि कोणी कुठवर वाचलंय याची जी नोंद जुन्या डेटाबेसमध्ये असते ती नव्यात घेऊन या. स्थलांतर करताना ती कचरा समजून मागे टाकली जाते. मग पहिल्याच सकाळी जुन्या सदस्याला सगळे धागे न वाचलेले दिसतात, आणि त्या ढिगात शिरण्यापेक्षा तो साइट बंद करतो.

दुसरा घाव लॉगिनवर. जुनी साइट पासवर्ड ज्या पद्धतीने साठवते ती नव्या प्रणालीला कळत नाही, म्हणून सोपी वाट निवडली जाते: सगळ्यांनी नवा पासवर्ड घ्यावा, लिंक ईमेलवर येईल. तो ईमेल पंधरा वर्षांपूर्वी पुतण्याने सायबर कॅफेत उघडून दिलेला असतो. ही अडचण नेमकी सर्वांत जुन्या, सर्वांत जाणत्या सदस्यांना येते, आणि ते तक्रार करायलाही आत येऊ शकत नाहीत. पासवर्ड बदलायला लावायची गरजच नसते. जुना हॅश, म्हणजे पासवर्डचं साठवलेलं सांकेतिक रूप, नव्या, पक्क्या हॅशच्या आत गुंडाळून ठेवायचा. सदस्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की त्याच क्षणी तो निव्वळ नव्या पद्धतीने साठवायचा. सदस्याला काही कळतही नाही.

ओटीपी ठेवणार असाल तर दोन गोष्टी. भारतात असा एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्याचं शीर्षक आणि संदेशाचा साचा डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीत आधी नोंदवावा लागतो. साच्यातला एक शब्द बदलला तरी संदेश वाटेतच अडतो आणि पडद्यावर मात्र ‘ओटीपी पाठवला’ असं दिसतं. दुसरं म्हणजे मुदत. घर खाली व्हाळाकाठी, ओढ्याशी, आणि रेंज वर सड्यावर, कातळपठारावर, अशी गावं खाली सिंधुदुर्गापासून वर रायगडापर्यंत आहेत. दोन मिनिटांत तिथे ओटीपी येऊन टाकून होत नाही, दहा मिनिटं द्या. आणि एकदा आत आलेला माणूस निदान तीन महिने आतच राहू द्या.

मराठी साइटचे काही घाव वेगळेच असतात, आणि बाहेरून आणलेल्या तयार साच्यात त्यांचा विचार नसतो. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: एकात खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखे, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. जुना मजकूर एका प्रकारात, मोबाईलवरून येणारा नवा दुसऱ्या, म्हणजे शोधाला निम्मंच सापडतं. जुनं उत्तर सापडलं नाही की तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि तीसजणांतला एखादा ‘हे दहादा सांगून झालंय’ म्हणून गप्प बसतो. शोधयंत्राची अनुक्रमणिका बनवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा एकच रूप धरायचं.

जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमधल्या ‘यूटीएफ-8’ नावाच्या साठवणीत एका अक्षराला तीन बाइट मिळतात. देवनागरीला ते पुरतात, इमोजीला चार लागतात. नवी साइट त्याच साठवणीवर उभी केली तर प्रतिसाद इमोजीपाशी तुटतो, किंवा साठवलाच जात नाही. चार बाइटांची साठवण आधी करून घ्या. अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजी फॅशन देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर आवळलं की खालच्या ओळीचे रफार वरच्या ओळीच्या उकारांत घुसतात. अक्षराच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा खाली जाऊ नये. फिकट राखाडी अक्षरं तर ऑफिसातल्या पडद्यावरच शोभतात. अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक 4.5 ला 1 इतका तरी असावा हा वेब सुलभतेचा मान्य निकष आहे. भर उन्हात कलमाखाली उभं राहून मोबाईल बघणाऱ्याला त्याहून जास्तच हवा.

टंकनाचंही तसंच. जुन्या मराठी साइटींच्या चौकटीत रोमन की-बोर्डवरून मराठी उमटवण्याची सोय असे, गमभनसारखी. मोबाईलवर आता तिची गरज नाही आणि तिथे ती फोनच्या की-बोर्डच्या आडच येते. म्हणून नव्या साइटवर ती काढून टाकतात. पण लांब, सविस्तर उत्तरं लिहिणारे अजून टेबलावरच्या संगणकावर बसतात आणि त्यांची बोटं त्याच सोयीला सरावलेली असतात. मोबाईलवर बंद, संगणकावर चालू, एवढं करायला अर्धा दिवस लागतो.

लिंकांबद्दल थोडक्यात. जुना प्रत्येक पत्ता नव्या पत्त्याकडे कायमच्या पुनर्निर्देशनाने, म्हणजे 301 ने, वळवा. सगळे पत्ते मुखपृष्ठाकडे वळवू नका; गूगल त्याला हरवलेलं पान समजतं आणि माणूस वैतागतो. गूगलचा सल्ला निदान वर्षभर ही व्यवस्था ठेवण्याचा आहे, पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंका वर्षाने थांबत नाहीत, तेव्हा ती काढूच नका. एक बारकावा बहुतेकांकडून सुटतो. एखाद्या विशिष्ट प्रतिसादाकडे नेणारा पत्त्यातला शेवटचा तुकडा, हॅश चिन्हानंतरचा, सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तो सर्व्हरला बदलता येत नाही. ब्राउझर मात्र तो नव्या पत्त्याला आपणहून जोडतो. म्हणून प्रतिसादांचे जुने क्रमांक तसेच ठेवले की काम भागतं. क्रमांक नव्याने दिलेत, तर ‘करप्यावरचं ते उत्तर’ म्हणून पाठवलेली लिंक दोनशे प्रतिसादांच्या माथ्यावर नेऊन सोडते.

वजनाचंही बघा. फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो फोनमध्येच 1600 पिक्सेलपर्यंत लहान करून मग चढवला की साधारण दोन-चारशे केबीत बसतो आणि पानावरचा डागही ओळखू येतो. याहून लहान केलात तर तुडतुडा दिसणार नाही. लिहीत असलेला मजकूर दर काही सेकंदांनी फोनमध्येच साठवा. पावसाळ्यात वीज गेली की काही वेळाने टॉवरही जातो, आणि अर्ध्या तासाचं उत्तर एकदा हरवलं की माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही.

मोठ्यांचंही याहून वेगळं झालं नाही. डिग या बातम्यांचे दुवे सुचवायच्या साइटने ऑगस्ट 2010 मध्ये चौथी आवृत्ती आणली. नावडता मजकूर खाली ढकलायचं बटण काढलं, प्रकाशकांचे दुवे आपोआप आत घेतले. दुवे शोधून आणणाऱ्यांना काही कामच उरलं नाही आणि ते रेडिट या तशाच साइटवर गेले. इंग्रजी विकिपीडियाने जुलै 2013 मध्ये नवा दृश्यसंपादक, म्हणजे पान जसं दिसेल तसंच लिहायची सोय, सगळ्यांना लावला आणि सप्टेंबरमध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. जानेवारी 2023 मध्ये तिथेच नवं रूप आलं तेव्हा मात्र लॉगिन केलेल्याला जुनं रूप निवडता येत होतं. रेडिटनेही 2018 मधल्या बदलानंतर जुनी मांडणी वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवली. दोन मांडण्या सांभाळणं खर्चिक आहे हे खरं, पण लिहिणारे गमावण्यापेक्षा स्वस्त.

आता वेळ. मोजणी इथेच सर्वांत जास्त फसते. हापूसच्या साइटवर जुलै-ऑगस्टमध्ये कल्टारचे (मोहोरासाठी झाडाला द्यायच्या संजीवकाचे) प्रश्न, डिसेंबरपासून मोहोराचे, मार्च ते मे फळमाशी, साका (फळाचा आतला गर बिघडणं) आणि पेटीचा दर. ऑक्टोबरात भातकापणी, साइटवर शुकशुकाट. चाकरमान्यांच्या साइटला गणपतीत आणि शिमग्यात उधाण. म्हणजे डिसेंबरात साइट बदलली तर जानेवारीची गर्दी डिझाइनच्या नावावर जमा होते, मेअखेर बदलली तर जूनची शांतता त्याच्या माथी बसते. तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी हवी. बदल हंगामाच्या तोंडावर नको, साइट शांत असताना हवा: बागायतदारांसाठी दिवाळी सोडून ऑक्टोबर-नोव्हेंबर, मच्छीमारांसाठी जून-जुलैची बंदी, जेव्हा यांत्रिक होड्या किनाऱ्याला असतात आणि माणसाला नवं चाचपायला सवड असते. वार सोमवार किंवा मंगळवार. शुक्रवारी संध्याकाळी बदललेली साइट दोन दिवस बिघडलेलीच राहते.

मोजायच्या गोष्टी चारच: आठवड्यात किती वेगवेगळ्या माणसांनी लिहिलं, पहिलं उत्तर यायला किती वेळ लागला (सरासरी नको, सगळे वेळ क्रमाने लावून मधला घ्या), चोवीस तासांत उत्तर न मिळालेले प्रश्न किती, आणि पहिल्यांदा लिहिलेल्यांतले किती महिन्याभरात परत लिहितात. पानं किती पाहिली हा आकडा बाजूला ठेवा. वाट सापडत नसली की माणूस जास्त पानं पाहतो. पहिल्या पंधरवड्यावरून निष्कर्षही काढू नका. नव्या नवलाईचे नऊ दिवस असतातच, आणि ओरडणारेही तेव्हाच ओरडतात. ओरडणारा अजून साइटवर आहे. शोध घ्यायचा तो न ओरडणाऱ्यांचा.

आणि बदल होऊन गेला असेल, माणसं गप्प झाली असतील, तर मागच्या वर्षी सर्वाधिक प्रतिसाद लिहिलेल्या तीस सदस्यांची यादी काढा आणि ज्यांनी महिनाभरात काही लिहिलं नाही त्यांना फोन करा. ‘नवी साइट कशी वाटली’ असं विचारू नका, ‘छान आहे’ म्हणतील. फोनवर असतानाच साइट उघडायला सांगा, एक प्रतिसाद लिहायला सांगा आणि ते कुठे अडतात ते ऐका. पाच-सहा फोनांत बहुतेक कारणं कळतात. दुरुस्तीचा क्रम लॉगिन, यादी, लिंका, टंकन, मग बाकीचं. तोवर जुनी यादी वेगळ्या पत्त्यावर परत चालू करा आणि आंब्याचा एक अख्खा हंगाम, म्हणजे मेअखेरपर्यंत, ती काढू नका.