सगळं खापर भरितावर!

दादाचा रिपोर्ट आज जळगावहून आणला. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, 150च्या आत हवेत, त्याचे बरेच वर. वहिनींनी लगेच भरीत-पुरीवर खापर फोडलं. तेलाचा वाटा आहेच, नाही कशाला म्हणू? पण कापसाच्या जिनिंगचे मार्चअखेरचे हिशेब, अडकलेली उधारी, उडालेली झोप, हे कोणी मोजतच नाही.

ताण आला की ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही हार्मोन्स वाढतात. शरीराला वाटतं, आता पळायचंय नाहीतर लढायचंय. मग साठवलेली चरबी सुटून रक्तात येते. दादा मात्र खुर्चीतच! न वापरलेली चरबी यकृतात जाते आणि ट्रायग्लिसराइड्स होऊन परत रक्तात. त्यात दिवसभर गोड चहा.

1958 साली फ्रीडमन आणि रोझेनमन या अमेरिकी डॉक्टरांचा अभ्यास छापून आला, तोही हिशेबनिसांवरच. टॅक्सची मुदत जवळ आली की त्यांचं कोलेस्टेरॉल वाढायचं, खाणं फारसं न बदलता.

हे ऐकून दादा खूश, "म्हणजे भरीत चालू ना भो?"

डॉक्टरांनी तेल कमी करायला, रोज चालायला सांगितलंय. तीन महिन्यांनी परत तपासणी. झोपेचं मीच विचारलं, तेव्हा कुठे तो बोलला.