गायकवाडचं स्पेलिंग

१ सप्टेंबर २०२५, सोमवार. गौरीपूजनाचा दिवस. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) आमच्या कारखान्यात त्या दिवशी नऊ ट्रेनी इंजिनिअर रुजू व्हायचे होते आणि त्यांचे कागद तपासून घ्यायचं काम माझं होतं. सगळे नुकतेच पास झालेले, सगळ्यांची पहिली नोकरी. त्यातले चौघं बडोद्याच्या मराठी घरांतले, ‘दुपारी नैवेद्याला घरी ये’ असं बजावून पाठवलेले. दीड वाजता सोडते, असं मी कबूल केलं होतं. आठ जण सुटले. नववा साडेपाचपर्यंत माझ्यासमोर बसून होता. त्या दिवशी टेबलावर पसरलेले त्याचे कागद नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक मुलाने बघायला हवे होते, असं मला आजही वाटतं.

अडचण सुरू झाली ती पीएफच्या नंबरापासून. यूएएन म्हणजे बारा आकडी नंबर, नोकऱ्या कितीही बदलल्या तरी आयुष्यभर एकच राहणारा. जुलैपर्यंत तो आम्ही कंपनीच्या लॉगिनमधून पाच मिनिटांत काढून द्यायचो. १ ऑगस्ट २०२५ पासून नियम बदलला. आता नवीन माणसाने स्वतःच्या मोबाईलवर केंद्र सरकारचं उमंग अॅप उघडायचं, सोबत ‘आधार फेस आरडी’ हे दुसरं अॅप टाकून घ्यायचं, आधार नंबर द्यायचा, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो तो भरायचा आणि मग कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा. चेहरा आधारमधल्या फोटोशी जुळला की नंबर तयार होतो आणि मेसेज येतो. आठ जणांचं हे काम सुरळीत झालं. दोघींना चष्मा काढायला लावला, एकाला खिडकीकडे पाठ न करता तोंड करून बसवलं. एवढंच.

या मुलाचा ओटीपी त्याच्या फोनवर आलाच नाही. आधारला नंबर वडिलांचा. वडील एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्टला, तिथे मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो. ओटीपी दहा मिनिटंच चालतो. म्हणजे साडेबाराला त्यांची जेवणाची सुट्टी होईपर्यंत हात बांधून बसायचं. सुट्टीत त्यांनी आपणहून फोन केला.

“ताई, मेसेज आलाय. सांगू का?”

“थांबा दादा, तो जुना आहे. मी आता नवीन पाठवते, तो आला की वाचा.”

नवीन आला, भरला, कॅमेरा उघडला. चेहरा जुळला नाही. जागा बदलून दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. मग मी त्याला आधारची फाईल उघडायला सांगितली. फोटोत तेल लावून चापून भांग पाडलेला आठ वर्षांचा मुलगा, पुढचे दोन दात पडलेले. समोर बसलेला बावीस वर्षांचा, दाढी राखलेला. लहानपणी काढलेल्या आधारवर पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्याने द्यायचे असतात. पंधराव्या वर्षीचं अपडेट कित्येक घरांत राहून जातं, कारण तोवर कुठे काही अडत नाही. अडतं ते असं, पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी.

चौथ्यांदा करून बघू या, असं तो म्हणत होता. पण आधार उघडलंच होतं, तर त्यावरचं नाव मी पुन्हा वाचलं आणि त्याला थांबवलं.

त्याची फाईल टेबलावर पसरली. दहावीची मार्कशीट गुजरात बोर्डाची: आधी आडनाव, मग नाव, मग ‘सुरेशभाई’. गायकवाडचं इंग्रजी स्पेलिंग ‘जी-ए-ई-के’ने सुरू, म्हणजे राजघराणं लिहितं तसं. सयाजीराव विद्यापीठाची डिग्री तशीच, कारण कॉलेज दहावीवरूनच उतरवून घेतं. आधारवर आधी नाव, मग सुरेशभाई, मग गायकवाड, पण ‘ई’च्या जागी ‘आय’. पॅनकार्डावर ‘ई’ बरोबर, मात्र वडिलांचं नाव मधे नाहीच. आणि बँकेचं पासबुक आठवीत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं. त्यावर ‘वाय’, कारण फॉर्म गुजरातीत भरला होता आणि टायपिस्टने ‘गायकवाड’ जसं ऐकू येतं तसं उतरवलं. एका आडनावाची तीन स्पेलिंगं, एका माणसाची चार नावं.

बडोद्यात हे घरोघरी आहे. इथल्या शाळेच्या रजिस्टरात वडिलांच्या नावापुढे भाई आणि आईच्या नावापुढे बेन आपोआप लागतं. घरात कुणी सुरेशभाई म्हणत नाही, वडिलांच्या स्वतःच्या आधारवर नुसतं सुरेश आहे, पण मुलाच्या दाखल्यावर भाई कायमचं बसलेलं असतं. चूक कुणाचीच नाही. माणसं हे नाव वाचताना सहज समजून घेतात, संगणक मात्र एकेक अक्षर ताडून बघतो.

चेहरा जुळला असता तर काय झालं असतं, ते सांगते. यूएएन आधारवरचं नाव जसंच्या तसं उचलतो. ‘आय’वालं नाव पीएफमध्ये बसलं असतं. मग पॅन जोडायला गेलं की नाव जुळत नाही म्हणून नकार, बँक खातं जोडायला गेलं की नकार. पगारावर याचा लगेच परिणाम दिसत नाही, म्हणून मुलं सोडून देतात. दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलून पैसे काढायची किंवा वळवायची वेळ येते, तेव्हा ते कळतं.

शिवाय या पोरांचे हक्काचे पैसे अडकतात. केंद्राच्या विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्याला एका महिन्याच्या पीएफ वेतनाएवढी रक्कम मिळते, जास्तीत जास्त १५,०००, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता सहा महिने नोकरी टिकली की, दुसरा बारा महिने आणि आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम झाला की. ती थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येते. या मुलाचं आधार जोडलेलं खातं कोणतं? तेच शिष्यवृत्तीचं. पासबुक देना बँकेचं. ती १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली आणि तिच्या शाखांचे जुने आयएफएससी कोड, ज्यांवरून पैसे पाठवताना शाखा ओळखली जाते, ते १ मार्च २०२१पासून बंद झाले. दोन वर्षांत एकही व्यवहार नाही म्हणून खातंही निष्क्रिय. त्याने जॉइनिंग फॉर्मवर मात्र तोच जुना कोड सुबक अक्षरात लिहिला होता.

त्याच्याकडे नोटरीचं प्रतिज्ञापत्रही होतं, ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असं. वडिलांनी सल्ला घेऊन, पैसे खर्चून आधीच करून ठेवलेलं. त्यांची काळजी त्या कागदावर दिसत होती. ते फाईलला लावायला, बँकेत साहेबांना दाखवायला उपयोगी पडतं आणि मी ते लावलंही. पण पीएफच्या पोर्टलला प्रतिज्ञापत्र वाचता येत नाही.

मग प्रश्न उरला, कोणतं नाव खरं धरायचं? माझं मत स्पष्ट आहे: दहावीची मार्कशीट. पासपोर्ट, सरकारी नोकरीची जाहिरात, पुढचं शिक्षण, सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात. बोर्डाच्या कागदावर दुरुस्ती करायची तर शाळेच्या जनरल रजिस्टरपासून सुरुवात करावी लागते आणि पुढे डिग्रीही बदलावी लागते. म्हणून बाकीचे कागद मार्कशीटला जुळवून घ्यायचे, मार्कशीटला हात लावायचा नाही.

इथे फोनवर वडील थोडे दुखावले. “ताई, आमच्यात भाई लावत नाहीत. आधार दुरुस्त करतोच आहोत तर ते काढूनच टाका ना.” मला त्यांचं म्हणणं पटत होतं. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि यातली एक संधी मुलाने बारावीत वापरलेली होती, शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी वडिलांचं नाव घालून घेताना. उरली एक. ती भाई काढण्यात घालवली तर मार्कशीटशी पुन्हा फारकत, आणि मग बदल करायला थेट आधारच्या प्रादेशिक कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतात. “दादा, हे तुमचं नाव नाही, त्याच्या नावातला मधला शब्द आहे. तुमच्या कागदांवर तुम्ही सुरेशच राहता,” असं मी सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं. पोराचं काम अडायला नको.”

क्रम मी त्याला कागदावर लिहून दिला, कारण क्रम चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं. आधी आधार, मग यूएएन, मग पॅन, मग बँक. यूएएन त्याच दिवशी काढायची घाई नव्हती. सप्टेंबरच्या पगाराचा पीएफ १५ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो. हातात सहा आठवडे होते. रुजू अहवाल आणि पीएफसाठी स्वतःची माहिती देण्याचा फॉर्म ११ त्याने त्याच दिवशी भरला, नाव मार्कशीटप्रमाणे, आणि नोकरी १ तारखेपासूनच धरली गेली.

पुराव्याचाही पेच होता. आधार केंद्रावर जे नाव हवं तेच पुराव्यावर असावं लागतं. पॅनवर स्पेलिंग बरोबर, पण मधला शब्द नाही. अशा वेळी आधारच्या साइटवर एक ठरावीक नमुन्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते राजपत्रित अधिकारी, आमदार किंवा नगरसेवक सही करून देऊ शकतात. त्यावर फोटो चिकटवायचा, सही आणि शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर यायला हवा, खाडाखोड चालत नाही, आणि तारखेपासून ते तीन महिनेच चालतं. हा फॉर्म मी छापून दिला आणि नाव त्याच्याकडून माझ्यासमोर कॅपिटल अक्षरांत लिहून घेतलं. ‘ई’ लिहिताना त्याचा हात थांबला. आजवर तो सहीसुद्धा ‘आय’ने करत होता.

केंद्रावर एकाच फेरीत तीन गोष्टी करून घे, म्हटलं: नाव, नवा फोटो आणि ठसे, आणि स्वतःचा मोबाईल नंबर. ठसे-फोटोच्या अपडेटसोबत नाव किंवा मोबाईल बदलला तर वेगळे पैसे पडत नाहीत. तेव्हा १०० रुपये होते, १ ऑक्टोबर २०२५पासून १२५ झाले. आणि एक गोष्ट तीनदा बजावली. ऑपरेटर सेव्ह करण्याआधी स्क्रीन तुझ्याकडे वळवतो, तेव्हा एकेक अक्षर बोट ठेवून वाच. पावती घेतल्यावरही पुन्हा वाच. शेवटची संधी टायपिंगच्या चुकीत गेली असती तर मला फार वाईट वाटलं असतं.

मधल्या वेळात बाकीच्यांच्याही शंका चालू होत्या. एका मुलीला सीटीसीचा, म्हणजे कंपनी तिच्यावर करणार त्या एकूण खर्चाचा, हिशोब लागत नव्हता. वर्षाचे ३,३६,००० म्हणजे महिन्याचे २८,०००, मग हातात कमी का? बेसिक १४,०००. कंपनीचा पीएफ १,६८० आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद ६७३ त्या २८,०००मध्येच धरलेली. उरले २५,६४७. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ १,६८० आणि गुजरातचा व्यवसाय कर २००. हातात २३,७६७. भाड्याची खोली बघताना हा आकडा धरायचा, २८,००० नाही. आणखी एकाने कॉलेजात असताना तीन महिने कॉल सेंटरमध्ये काम केलं होतं आणि त्याचा यूएएन आधीच निघालेला होता. त्याने तो सांगितला हे बरं केलं. तोच नंबर पुढे चालवायचा असतो, लपवून दुसरा काढायला गेलं तरी आधारवरून जुना समोर येतोच.

गायकवाड मंगळवारी नगरसेवकांच्या सहीसाठी गेला, बुधवारी आधार केंद्रावर. नऊ दिवसांनी आधार बदलून आलं. १२ सप्टेंबरला त्याने माझ्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून उमंग उघडलं. ओटीपी त्याच्या स्वतःच्या फोनवर आला, चेहरा पहिल्याच वेळी जुळला. पॅनची दुरुस्ती आधारच्या ई-केवायसीने, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवून, टाकली, त्यामुळे नाव आधारवरून जसंच्या तसं आलं. जुनं खातं जिवंत करण्यापेक्षा नवीन पगार खातं उघडायला मी सांगितलं. पण सरकारी पैसे त्याच खात्यात येतात ज्याला आधार शेवटचं जोडलं गेलं आहे, म्हणून नव्या बँकेत आधार जोडणीचा वेगळा फॉर्म भरून घेतला. बरीच मुलं इथे चुकतात. खातं नवीन असतं आणि पैसे जुन्या खात्यात जातात.

पहिला पगार झाल्यावर तो पीएफचं नॉमिनेशन, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाला द्यायचे ते, भरायला आला. लग्न झालेलं नाही, म्हणून आई आणि वडील, पन्नास-पन्नास टक्के. नॉमिनीचं नाव त्यांच्या आधारप्रमाणे भरतात. त्याने वडिलांचं आधार पुढे सरकवलं आणि मी वाचून दाखवलं तसं टाईप केलं: सुरेश, पुढे भाई नाही, मग गायकवाड.