रूळ नसलेल्या रेल्वेवरून तीन दिवस

मास्टर्ससाठी जर्मनीतल्या आखेनला आले तेव्हा ज्या घरात खोली मिळाली, त्या घराची मालकीण ऐंशी पार केलेली. सगळी गल्ली तिला ओमा म्हणते, म्हणजे आजी. मग मीही तेच म्हणायला लागले. तिचं माहेर रोटगेनचं, आखेनच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर. एकदा चहा घेता घेता ती म्हणाली, "आमच्या गावातले रूळ बेल्जियमचे होते. घर जर्मनीत, पलीकडचं शेत जर्मनीत, आणि मधल्या रुळांवर पाय ठेवला की बेल्जियम." तेव्हा माझं जर्मन कच्चं होतं. ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल असं वाटून मी पुन्हा विचारलं. तिने तेच वाक्य सावकाश, एकेक शब्द सोडवून सांगितलं.

माझे आजोबा कुर्डुवाडी–लातूर नॅरोगेजवर गँगमन होते. अडीच फुटी रूळ, खडी, स्लीपर, मुकादमाची शिट्टी, हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले. त्यामुळे रेल्वेची गोष्ट निघाली की मी तिथून हलत नाही. ओमा सांगत होती त्या लाइनचं नाव फेनबान. फेन म्हणजे दलदलीचं माळरान. आखेनहून निघून त्या माळाच्या कडेकडेने ती लक्झेंबर्गच्या उत्तर टोकाला, त्रुआव्हिएर्जला पोचायची. आता रूळ उखडलेत आणि त्या जागी १२५ किलोमीटरचा डांबरी सायकलमार्ग झालाय. दोन सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत तो पूर्ण करायचा, असं मी ठरवलं.

निघताना ओमाने एक काम सांगितलं. "रोटगेनला फाटकाच्या पुढे डाव्या हाताला सीमेचा दगड होता. आहे का बघ."

तयारीचं थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच जणांनी विचारलं. साधी गिअरची सायकल चालते. रेल्वेचाच पाया असल्यामुळे चढ दोन टक्क्यांच्या आसपास राहतो. कोळशाने भरलेले डबे ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाला जेवढं झेपेल तेवढाच चढ इंजिनिअरांनी ठेवला होता, आणि तो आपल्या गुडघ्यांनाही झेपतो. सामान दोन पिशव्यांत, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना. पासपोर्ट आणि रहिवासी परवान्याचं कार्ड सोबत हवंच. कुणी विचारत नाही, पण तीन देश आहेत. पंक्चरचं सामान घ्या. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा खायचं शनिवारीच भरून ठेवा.

बरेच जण उलटे जातात, त्रुआव्हिएर्जला गाडीने पोचून तिथून आखेनकडे, कारण शेवटी मोठा उतार मिळतो. मी मुद्दाम आखेनहून निघाले. कोळसा ज्या दिशेने गेला त्याच दिशेने मला जायचं होतं.

ही लाइन कोळसा आणि लोखंडाच्या पोटातून जन्मली. लक्झेंबर्ग आणि शेजारच्या लॉरेन प्रांतातल्या लोहखनिजात फॉस्फरस फार, म्हणून त्याचं चांगलं पोलाद होत नसे. १८७९ च्या सुमाराला फॉस्फरस काढून टाकायची थॉमस पद्धत आली आणि त्या दुर्लक्षित खनिजाला एकदम भाव आला. आखेनकडे कोळसा होता. कोळसा दक्षिणेला न्यायचा आणि खनिज उत्तरेला आणायचं, यासाठी प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या, सरकारने ही लाइन टाकली. १८८५ मध्ये गाडी मोनशाऊपर्यंत गेली, १८८७ मध्ये सांक्ट फीटला, १८८९ मध्ये लक्झेंबर्गच्या हद्दीत. तोवर ही सगळी गावं जर्मनीतच होती. लक्झेंबर्गच्या उंबऱ्यापर्यंत वाटेत सीमा कुठेच नव्हती.

मी सुरुवात केली ती रोटे एर्डं स्टेशनापासून. नावाचा अर्थ तांबडी माती. इथल्या पोलाद कारखान्याकडे ते खनिज यायचं. आज कारखाना नाही, नाव राहिलंय. शहर संपता संपता ओढ्यांवरचे जुने दगडी पूल लागतात आणि कोर्नेलीम्युन्स्टरच्या पुढे झाडी दाट होते. चढ डोळ्यांना दिसत नाही, फक्त मांड्यांना कळतो. तासाभराने मागे वळून पाहिलं तर आखेन बरंच खाली राहिलं होतं.

रारेन हे बेल्जियममधलं गाव. तिथून पुढे रोटगेन, लामर्सडॉर्फ, कोन्त्सेन, मोनशाऊ ही जर्मनीतली गावं लागतात, पण मार्ग मात्र बेल्जियमचाच राहतो. हे नकाशात बघून कळत नाही, तिथे उभं राहिल्यावर कळतं. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि व्हर्सायच्या तहाने ऑयपेन आणि मालमेदी हे दोन जिल्हे बेल्जियमकडे गेले. लोकांचं मत घेतलं, पण ते असं की विरोध असेल त्याने सरकारी कचेरीत जाऊन वहीत आपलं नाव लिहायचं. ३३,७२६ मतदारांपैकी २७१ जणांनी नावं लिहिली. नव्या सरकारच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहून कोण नाव लिहील? माझ्या मते तो आकडा लोकांच्या इच्छेचा नाही, भीतीचा आहे.

मग प्रश्न आला रेल्वेचा. मिळालेल्या दोन जिल्ह्यांना जोडणारी लाइन हीच, आणि तिचा मधला भाग जर्मनीतच राहिलेल्या मोनशाऊच्या मुलखातून जाणारा. बेल्जियमने ती मागितली आणि सीमा आयोगाने दिली. गावं जर्मनीची, पण त्यांच्यामधून जाणारी काही मीटर रुंदीची रुळांची पट्टी आणि तिच्यावरची स्टेशनं बेल्जियमची. त्या पट्टीच्या पश्चिमेला जी जर्मन जमीन उरली ती चहूबाजूंनी बेल्जियमने वेढली गेली. असे पाच तुकडे आजही आहेत. म्युत्सेनिश हे त्यातलं सगळ्यात मोठं, अख्खं गाव. सगळ्यात छोटा तुकडा र्‍युकश्लाग, म्हणजे एक घर आणि त्याच्या भोवतीची बाग.

रोटगेनला मी फाटकाच्या जागी उतरले. फाटक आता नाही. रस्ता सायकलमार्गाला आडवा जातो तिथे मोटारी थांबून सायकलवाल्यांना वाट देतात. एक बाई किराण्याची पिशवी घेऊन रस्त्याने गेली. जर्मनीतून निघून आठ-दहा पावलं बेल्जियममध्ये आणि पुन्हा जर्मनीत. तिने मान वर करूनही पाहिलं नाही. मी डाव्या हाताला गवतात शोधत राहिले. पाऊण तास गेला. आधी एक दगड सापडला, पण तो नुसता कुंपणाचा निघाला. मग एका झुडपाखाली, कमरेच्याही खाली येणारा, चौकोनी, वरून गोलसर झालेला एक दगड दिसला. शेवाळ इतकं की अक्षर दिसेना. अंगठ्याच्या नखाने खरवडलं. आधी एक उभी रेघ, मग तिच्या उजव्या अंगाला दोन पोटं. 'बी', म्हणजे बेल्जियम. मागच्या बाजूला 'डी', म्हणजे डॉइचलांड. नखात हिरवी माती गेली ती दोन दिवस निघाली नाही. फोटो काढला.

ओमाच्या लहानपणी हा दगड म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कॉफीवर किलोमागे दहा मार्क कर होता, आणि पलीकडे बेल्जियममध्ये तीच कॉफी स्वस्त. आखेनच्या आसपासची गावंच्या गावं तस्करीत उतरली, त्यात लहान मुलं फार. ओमा नऊ-दहा वर्षांची होती. आई तिच्या फ्रॉकच्या आत कापडी पिशव्या शिवायची. कस्टमवाले गोळ्या झाडायचे आणि त्यात माणसं मेलीही आहेत. हे सांगताना ओमा कधी हसत नाही. १९५३ मध्ये कर उतरला आणि हळूहळू तो धंदा बसला.

लामर्सडॉर्फच्या आसपास काँक्रीटच्या सुळक्यांच्या ओळी कुरणातून गेलेल्या दिसतात. रणगाडे अडवायला हिटलरने उभारलेल्या तटबंदीचे ते दात. आता त्यांच्यामधून गाई चरतात. रोटगेन हे दोस्त राष्ट्रांच्या हाती पडलेलं जर्मनीतलं पहिलं गाव, १२ सप्टेंबर १९४४ ला.

पहिल्या मुक्कामाची माझी एक चूक तुम्ही करू नका. मोनशाऊ खाली दरीत, रूर नदीकाठी आहे आणि रेल्वे वरून जाते. लाकडी चौकटींची जुनी घरं, अरुंद गल्ल्या, फार देखणं गाव. पण मार्गावरून खाली उतरायला दहा मिनिटं लागली, आणि सकाळी सामानासकट सायकल ढकलत वर यायला तासाच्या जवळपास. त्या एका चढाने पूर्ण मार्गापेक्षा जास्त दमवलं. वरच मुक्काम शोधा.

दुसऱ्या दिवशी काल्टरहेरबेर्गला मला रूळ दिसले. तिथून सूरब्रोटपर्यंत ते उखडलेले नाहीत, पर्यटकांसाठी पायडलच्या ट्रॉल्या चालवायला ठेवले होते. सायकल आडवी टाकली आणि खाली बसले. लाकडी स्लीपर भेगाळलेले, भेगांत बारीक गवत, बोल्टची डोकी गंजून तांबडी. आजोबा रुळावर हातोडीने ठोकून नुसत्या आवाजावरून सैल बोल्ट ओळखायचे. माझ्याकडे हातोडी नव्हती. सायकलचा पाना काढून ठोकलं. आवाज बोदा आला. आजोबा असते तर लगेच मुकादमाला हाक मारली असती.

सूरब्रोटच्या आधी माळ सुरू झाला आणि पाऊसही. हा साऱ्या मार्गाचा उंच भाग. झाडं खुरटी, वारा आडवा, बोटं ब्रेकवर वळेनात. तशात मागचं चाक बसलं. कुंपणाचा काटा होता, आपल्या बाभळीच्या काट्याएवढा. पावसात पॅच चिकटत नाही. एका पुलाखाली जाऊन ट्यूब अंगावरच्या कोरड्या बनियनने पुसली, सोल्युशन लावून पाच मिनिटं काखेत धरली, मग चिकटलं. हा काखेचा उपाय कुर्डुवाडीच्या स्टेशनबाहेरच्या पंक्चरवाल्याचा.

पुढे वेम गाव लागलं तेव्हा पाट्या फ्रेंच झाल्या. सांक्ट फीटला पोचेपर्यंत पुन्हा जर्मन. देश एकच, बेल्जियम, आणि जर्मन ही तिथल्या तीन राजभाषांपैकी एक. हा पट्टा प्रशियाकडे होता तेव्हाही मालमेदी-वेमकडची माणसं फ्रेंच वळणाचीच भाषा बोलत होती. बेकरीत मी आधी जर्मनमध्ये पाव मागितला, बाईंनी फ्रेंचमध्ये उत्तर दिलं, आणि शेवटी बोटाने काम झालं.

सांक्ट फीट एके काळी मोठं जंक्शन होतं. १९४० मध्ये हिटलरने हा मुलूख पुन्हा जर्मनीला जोडला. १९४४ च्या नाताळात, २५ आणि २६ डिसेंबरला, दोस्तांच्या विमानांनी गावावर बाँब टाकले आणि गाव जवळजवळ सगळं गेलं. आज तिथे जुनं काही शोधायला गेलं तर एक बुटका गोल दगडी बुरूज तेवढा भेटतो. बाकी घरं सगळी युद्धानंतरची. रात्री लॉजच्या खिडकीतून समोरची नीटस घरं बघत बसले. झोप लवकर लागली नाही.

या लाइनचं खरं मरण बाँबने नाही, सीमेने ओढवलं असं मला वाटतं. कोळसा एका देशात, खनिज दुसऱ्या देशात, मध्ये तिसऱ्याचे रूळ, मग माल दुसऱ्या वाटा शोधणारच. प्रवासी गाड्या आधी थांबल्या, १९८९ मध्ये मालगाड्याही. नंतर काही वर्षं हौशी लोकांनी पर्यटकांसाठी गाडी चालवली, तीही २००१ मध्ये बंद पडली. रूळ निघाले तेव्हा प्रश्न उठला की रेल्वेच नाही तर पट्टी जर्मनीला परत द्यायची का. दोन्ही सरकारांनी सीमा आहे तिथेच ठेवली. म्हणून आजही तो सायकलमार्ग बेल्जियम आहे. मला हा निर्णय पटतो. शंभर वर्षांत इथल्या लोकांचा देश पुरेशा वेळा बदलून झालाय.

तिसरा दिवस छोटा, पस्तीसेक किलोमीटरचा. लक्झेंबर्गच्या हद्दीजवळच्या जुन्या बोगद्यात आता वटवाघळं राहतात. त्यांच्यासाठी तो बंद ठेवलाय आणि मार्ग डोंगरावरून वळवलाय. तेवढा एक चढ खरा चढ.

त्रुआव्हिएर्जचं स्टेशन साधं आहे. १ ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळी जर्मन सैनिकांची एक तुकडी इथे येऊन थडकली, तार कचेरी ताब्यात घेतली, थोडे रूळ उखडले, आणि हुकूम चुकीचा होता म्हणून अर्ध्या तासात परत गेली. दुसऱ्या दिवशी मोठं सैन्य आलं. फलाटावर मी एकटीच होते. लक्झेंबर्गमध्ये गाडीचं तिकीट लागत नाही, पण मला लिएजमार्गे आखेनला जायचं होतं, म्हणून बेल्जियमचं तिकीट काढलं, सायकलचंही.

ओमा जागी होती. मी फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, दोन बोटांनी दगड मोठा केला, मग फक्त 'बी'च्या बाजूचा कोपरा मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"हा नाही," ती म्हणाली. "आमच्या दगडाचा हा कोपरा फुटलेला होता. मी त्याच्यावर बसून बुटाची नाडी बांधायचे, कस्टमवाला पुढे जाईपर्यंत." तिने फोन माझ्या हातात दिला. "थोडं पुढे बघायला हवं होतंस. वळणाच्या पलीकडे."

रोटगेन वीस किलोमीटरवर आहे. येत्या शनिवारी जाते.