तुम्ही विचारलंत म्हणून: आप्पा नाटक करतात काय?

हा प्रश्न आता इतक्यांदा आलाय की एकदाच लिहून टाकते. गणपतीत वाडीतली मंडळी आरतीला आली तेव्हा आप्पा झांजा घेऊन अर्धा तास उभे, ताल कुठेही चुकला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या तर आप्पांना शर्टाचं बटण लागेना, पाय उंबऱ्याशी चिकटल्यासारखे. काकू मला पडवीत बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "काय गो, खरंच आजार आहे की लक्ष वेधायला करतात?" आप्पांचे कान शाबूत आहेत. ते आतून म्हणाले, नाटक करायचं असतं तर शिमग्यात संकासुर नसता झालो काय.

तर आप्पांना पार्किन्सन्स आहे, हालचाल अडवणारा मेंदूचा आजार, सहा वर्षं झाली. मेंदूच्या खालच्या बाजूला सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा छोटासा भाग असतो, नाव लॅटिन, अर्थ काळा पदार्थ, कारण तिथल्या पेशींचा रंगच काळपट असतो, आणि या पेशी डोपामाईन बनवतात, म्हणजे मेंदूतल्या पेशींनी एकमेकींना निरोप द्यायचं एक रसायन. त्या मरत जातात. लक्षणं दिसायला लागेपर्यंत ज्या भागाला हे डोपामाईन पोचायचं तिथलं निम्म्याहून जास्त गेलेलं असतं, म्हणजे आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेलाच असतो. आता मागे वळून बघते तर आमच्याकडे खुणा आधीच होत्या. एका मे महिन्यात माळ्यावर बरका फणस पिकून फुटला, वास चार घरं सोडून गेला, आणि आप्पा त्याच्याच खाली बसून विचारतायत कसला वास? आम्ही सर्दीवर ढकललं. मग आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाची वही. ओळीच्या सुरुवातीला अक्षर नेहमीचं, शेवटाला मुंगीएवढं. आईला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

डोपामाईन म्हटलं की पोरं म्हणतात ते मोबाईलवालं ना, रील बघितली की सुटतं ते. एका भाच्याने तर सिरियसली सुचवलं की आप्पांच्या हातात फोन द्या, डोपामाईन वाढेल. हसू आलं, पण चूक त्याची नाही, ते म्हणजे आनंदाचं रसायन असंच सगळीकडे सांगतात. मेंदूचा अभ्यास करणारे वोल्फ्राम शुल्ट्झ यांचे माकडांवरचे प्रयोग आहेत, त्यात रस मिळतो हे माकडाला कळलं की या पेशी रस तोंडात पडल्यावर नाही तर रस येणार अशी खूण दिसल्यावरच उसळायच्या, आणि खूण होऊन रस आला नाही तर गप्प व्हायच्या. म्हणजे आनंदापेक्षा ते "चल, ऊठ" सांगणारं जास्त आहे. मेंदूच्या ज्या भागात हालचाल सुरू होण्याचं काम चालतं तिथेही तेच लागतं. आमच्या होडीचं इंजिन चांगलं असतं, डिझेल असतं, पण दोरी ओढल्याशिवाय सुरू होत नाही ना, तसं. आप्पांच्या पायात ताकद आहे. दोरी ओढली जात नाही.

आणि म्हणूनच झांजा जमतात. बाहेरून ताल आला किंवा डोळ्यांसमोर रेघ आली की मेंदू दुसऱ्या वाटेने काम काढून घेतो, ही डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट मला आधी पटली नव्हती. मग आईने एकदा उंबऱ्याच्या अलीकडे रांगोळीच्या चार आडव्या रेघा ओढल्या, वीतभर अंतराने, आणि आप्पा चारही ओलांडून सरळ बाहेर. आता तिथे पांढरा ऑइलपेंट मारलाय. रांगोळी कोंबड्या विस्कटायच्या.

बाकी सगळा खेळ गोळीच्या टायमाचा. डोपामाईन सरळ गिळून उपयोग नाही, रक्तातून मेंदूत जायला त्याला परवानगीच नाही, म्हणून लेव्होडोपा देतात, ते आत जाऊन डोपामाईन होतं. पण दीडेक तासात रक्तातलं निम्मं संपतं. सुरुवातीला उरलेल्या पेशी साठा करून ठेवतात, पुढे तेही जमत नाही, म्हणून सकाळी सातला लाकूड आणि नवाला बाजारात. त्यात आमचं जेवण! प्रोटीन आणि लेव्होडोपा आत शिरायला एकच दार वापरतात, बांगड्याचं तिखलं खाऊन लगेच गोळी घेतली तर बांगडा आधी घुसतो. मासे सोडायला सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी.

खाजकुयलीचं पण विचारता तुम्ही. हो, तिच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतं, आपल्या कुंपणावर चढते तीच. पण कुठल्या बीत किती ते कोण मोजणार, आणि गोळीत सोबत कार्बिडोपा असतं, औषध मेंदूबाहेरच खर्ची पडू नये म्हणून, नाहीतर मळमळ आणि बीपी खाली. गोळीवर आणखी बिया म्हणजे डबल डोस. नको. गंमत म्हणजे या गोष्टीची सुरुवातही एका झाडानेच झाली. सर्पगंधेतून निघणारं रेझरपीन 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना दिलं तर ससे कान पाडून निपचित, मग डोपा, म्हणजे ज्याचं डोपामाईन होतं तेच, टोचलं आणि थोड्याच वेळात ते परत हिंडायला लागले. तोवर डोपामाईनला स्वतःचं काही काम असेल असं फारसं कोणी धरत नव्हतं. 2000 साली नोबेल मिळालं त्यांना.

एक मात्र कामाचं, घरी असा पेशंट असेल तर लक्षात ठेवा. गेल्या पावसाळ्यात आप्पांना उलट्या झाल्या, जवळच्या एका दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं, आणि दोन दिवस ते कुशीवर वळेनात. ते औषध मेंदूत डोपामाईनचीच जागा अडवतं. आजार सांगायला मीच विसरले होते गडबडीत. आता चिठ्ठी पाकिटात असते.

यंदा आंब्याच्या हिशेबाला ठळक रेघांची वही आणलीय. पहिल्या ओळी छान, रेघेला रेघ टेकवून, निम्म्या पानावर परत मुंग्या. मी चहा ठेवता ठेवता म्हणते, आप्पा, मोठं. पुढची ओळ मोठी येते.