थायरॉइडची गाठ न कापता: माझा आरएफएचा अनुभव

गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही, हे कळल्यावर घरचे निर्धास्त झाले. पण त्या रिपोर्टने माझा त्रास थोडाच थांबणार होता! घास गिळताना घशात अडकल्यासारखं व्हायचं, उताणं झोपलं की गळ्यावर दाब यायचा. टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल होती. ग्रंथी आपलं काम चोख करत होती, अडचण होती ती फक्त गाठीच्या आकाराची.

ऑपरेशन करून अर्धी ग्रंथी काढली तर गाठीचा प्रश्न तिथेच मिटतो, हे मान्य. पण उरलेली अर्धी कमी पडली की रोजची हार्मोनची गोळी मागे लागते. चांगली चालणारी ग्रंथी गाठीपायी गमवायची, हे मला पटेना. म्हणून मी रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशनची, म्हणजे आरएफएची चौकशी केली. यात गाठीत सुई घालून तिच्या टोकाच्या उष्णतेने गाठ आतल्या आत जाळतात.

डॉक्टरांनी आधी पुन्हा एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी, करायला लावली. एकदा झालेली तपासणी परत कशाला, असं मी विचारलंच. कापून काढलेली गाठ लॅबमध्ये तपासता येते, आत जाळलेली तपासता येत नाही. म्हणून खात्री आधीच करून घ्यायची, असं त्यांनी समजावलं. कुणी ही पायरी गाळून थेट तारीख देत असेल, तर मी तिथे जाणार नाही. दोन्ही रिपोर्ट ‘बेथेस्डा २’, म्हणजे साधी गाठ, असे आले. गाठीत बहुतेक पाणीच असतं तर अल्कोहोलच्या इंजेक्शनवर भागलं असतं, पण माझी भरीव होती. दुर्बिणीने स्वरतंतूही तपासून घेतले.

प्रत्यक्ष उपचारात मी जागीच होते. खांद्याखाली उशी, मान मागे, गळ्यात भुलीची इंजेक्शनं. सुई गळ्याच्या मध्यातून आडवी गाठीत घातली, कारण आवाजाची नस ग्रंथीच्या मागे, श्वासनलिकेच्या कडेने जाते. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईच्या टोकाशी पांढरे बुडबुडे उठत होते. टोक थोडं थोडं सरकवत, आधी खोलवरचा आणि मग वरचा भाग जाळत ते पुढे जात होते. मधूनच आत ‘टक्’ असा आवाज व्हायचा. एकदा कळ जबड्यातून थेट कानापर्यंत गेली. मी हात वर केला, त्यांनी लगेच थांबून पॉवर कमी केली. अधूनमधून “बोला बघू काहीतरी” म्हणत माझा आवाज बदलत नाही ना, हे पाहत होते. त्याच दिवशी घरी आले. गळ्याला सूज होती, ती बर्फाने उतरली.

खरी परीक्षा त्यानंतरची. गाठ जागेवरच होती, उलट हाताला जास्त टणक लागायची. जळलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं, त्याला महिने लागतात. आणि रिपोर्ट वाचताना आकारमान (घनफळ) पाहावं, नुसते सेंटिमीटर नव्हे. ४ सेंटिमीटरची गोल गाठ आकारमानाने निम्मी झाली तरी मोजताना साधारण ३.२ सेंटिमीटर भरते! हे माहीत नसतं तर मी हिरमुसले असते. सहा महिन्यांच्या सोनोग्राफीत माझी गाठ आकारमानाने निम्म्याहून लहान झाली होती. गिळताना आता अडकत नाही, टीएसएच नॉर्मल आहे आणि गोळी सुरू करावी लागलेली नाही.

नसेजवळचा थोडा भाग मुद्दाम सोडलेला आहे. तो वाढला तर पुन्हा आरएफए करावं लागू शकतं, याची कल्पना मला आधीच दिली होती. म्हणून सोनोग्राफी दर वर्षी करायची आहे, आणि जुने रिपोर्ट सोबत न्यायचे आहेत.