ऑस्तिया आंतिका : स्केचबुक घेऊन रोमच्या जुन्या बंदरात

टायबर नदीच्या मुखाशी वसलेले ऑस्तिया हे प्राचीन रोमचे बंदर. नदीच्या गाळाने समुद्र आता सुमारे 3 किलोमीटर दूर गेला आहे आणि 1557 च्या महापुरात नदीनेही येथले पात्र बदलले. पॉम्पेईसारखे हे गाव ज्वालामुखीने गाडले नाही, तर व्यापार आटत गेला तसे ते हळूहळू ओस पडले. रोममध्ये दोन-तीन दिवस असणाऱ्या आणि चित्र काढण्याची आवड असणाऱ्या प्रत्येकाने यातला एक पूर्ण दिवस ऑस्तियाला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पिरामिदे मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून समुद्रकिनाऱ्यावरच्या लिदोकडे जाणाऱ्या गाडीने अर्ध्या तासात येथे पोहोचता येते. शहरातील बस-मेट्रोचे साधे तिकीट पुरते. स्थानकासमोरचा पादचारी पूल ओलांडून सरळ चालत गेले की प्रवेशद्वार लागते. सोमवारी हे स्थळ बंद असते.

आत शिरून थोडे चालले की देकुमानुस हा मुख्य रस्ता सुरू होतो. त्याच्या काळ्या बेसॉल्टच्या फरशा आपल्या सह्याद्रीतल्या कातळाच्याच जातीच्या आहेत, त्यामुळे गडकोट रंगवणाऱ्याला त्यांचा उन्हातला निळसर करडा रंग लगेच सापडतो. खरी कसोटी भिंतींची आहे. येथे बहुतेक सगळे विटकाम असून त्यावरचा संगमरवर आणि गिलावा बव्हंशी गेलेला आहे. एकेक वीट काढू लागलात तर चित्र मरते. आधी भिंतीत दडलेल्या, वरचा भार दोन्ही बाजूंना वळवणाऱ्या कमानी शोधाव्यात, त्या हलक्या पेन्सिलीने मांडाव्यात आणि विटांचे थर फक्त सावलीच्या कडेला सुचवावेत. म्हणजे भिंत कशी उभी राहिली हेही काढता काढता कळत जाते.

माझा सर्वांत जास्त वेळ दियाना गल्लीत गेला. तेथल्या खानावळीचा संगमरवरी ओटा, त्याखालची पाण्याची कुंडी, मागच्या पायऱ्यापायऱ्यांच्या फळ्या आणि भिंतीवर रंगवलेले खाद्यपदार्थ हे सगळे जागच्या जागी आहे. ओट्यासमोर बसून तिरप्या कोनातून काढले तर दारातून दिसणारी गल्लीही चौकटीत येते. जवळच्या बेकरीत जनावरांकडून फिरवली जाणारी लाव्हा दगडाची उंच जाती आहेत. त्यांचा डमरूसारखा आकार सोपा वाटतो, पण दोन्ही बाजू सारख्या उतरवणे कठीण जाते.

नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्यांवरून मागचा व्यापारी चौक पूर्ण दिसतो. त्याच्या कडेने दूरदूरच्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या व जहाजवाल्यांच्या कचेऱ्या होत्या आणि प्रत्येकीपुढे काळ्या-पांढऱ्या मोझेइकमध्ये, म्हणजे बारीक दगडी तुकड्यांच्या जडावात, तिची ओळख कोरल्यासारखी मांडलेली आहे : जहाजे, दीपगृह, उत्तर आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांचा हत्ती. जवळच नेपच्यूनच्या स्नानगृहात चार सागरी घोड्यांचा रथ हाकणारा देव आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती पाहिलेल्या वाचकाने येथे जरूर थांबावे; ग्रीकांचा पोसायडन आणि रोमनांचा नेपच्यून म्हणजे तोच सागरदेव, एकीकडे व्यापाराच्या वाटेने दख्खनपर्यंत पोहोचलेला आणि दुसरीकडे धान्याची जहाजे येणाऱ्या गावात जमिनीवर पसरलेला. हे मोझेइक वरच्या गच्चीवरूनच काढावे. हिवाळ्यात मात्र काही मोझेइक झाकून ठेवतात.

ईझल नेऊ नये. हातात मावणारी वही, घडीचे हलके स्टूल, पेन्सिल आणि विटांसाठी बर्न्ट सिएना, लाइट रेड व थोडा अल्ट्रामरीन इतके पुरते. जुन्या भिंतींवर बसू नये, त्यांना सामान टेकवू नये. छत्रीसारख्या पाइन वृक्षांची सावली सतत सरकते, म्हणून सावल्यांची जागा सुरुवातीलाच ठरवून टाकावी. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी हवेच. फरशा खडबडीत असल्याने जाड तळव्याचे बूट घालावेत. 1961 मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) पार दुसऱ्या टोकाला आहे. तेथे जायचे असेल तर दुपारीच निघावे आणि बंद होण्याच्या वेळेआधी परतीच्या चालीसाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा.