लेझीमवालीचे पाय

पडद्यावर पिक्सेलचं माणूस चालत असतं तेव्हा आपण त्याचे हातपाय बघतो, फार तर सदऱ्याचा रंग बघतो. ज्या ठिपक्यावर ते सगळं अडकवलेलं असतं तो कुणाच्याच नजरेस पडत नाही. पिव्होट तो. आम्ही गेम बनवणारे ‘बाई अंगणात उभी आहे’ म्हणतो, तेव्हा गेमला कळतं ते इतकंच की ठिपका अमुक जागी आहे. बाईचं चित्र मागाहून त्याच्यावर येऊन बसतं. ठिपका जागच्या जागी असला तर त्याची कुणी दखल घेत नाही. हलला, की पोरंसोरंही ओळखतात.

माझ्या फावल्या वेळातल्या गेममध्ये लेझीम खेळणारी एक मुलगी आहे. ३२ बाय ३२ पिक्सेलची चौकट. त्यात नऊवारी, अंबाडा आणि लेझीम बसवताना काष्ट्याच्या वाट्याला तीन पिक्सेल आले, नाकाच्या वाट्याला एकही नाही. तरी ती झोकात नाचायची. भाच्याने मात्र जरा वेळ बघून विचारलं, “मामा, ही नाचतेय का घसरतेय?”

रास्त प्रश्न. हालचालीतलं एकेक चित्र म्हणजे फ्रेम. फ्रेमभोवतीची रिकामी जागा कापून चित्रं साठवली, की प्रत्येकाची रुंदी वेगळी होते. लेझीम उजवीकडे गेली की चित्र उजवीकडे वाढतं आणि त्याचा मध्यही तिकडेच सरकतो. पिव्होट मध्यावर ठेवायची आयती सोय असतेच. गेम तो मध्य जागचा हलू देत नाही, मग पोर आपली डावीकडे ढकलली जाते. हात लांब केला की पाय मागे. लेझीमच्या कुठल्याही उस्तादाने अशा पावलाला ओळीबाहेर काढलं असतं.

हे हाताने निस्तरणं म्हणजे एकेक फ्रेम उघडा, पायाखाली ठिपका ठेवा, पुढची उघडा. एसप्राइट या पिक्सेलचित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये लुआ भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला द्यायची सूचनांची यादी, लिहिता येते आणि खिडकी न उघडता एका आज्ञेत ती चालवताही येते. म्हणून कामाला यंत्र लावलं. सूचना सरळ होती: खालून वर जा, रंग असलेली पहिली ओळ सापडली की तिचा मध्य धर आणि फाइलमध्ये लिहून टाक. पापणी लवायच्या आत यादी हजर. चालताना, वाकताना, गिरकी घेताना पाय घट्ट जमिनीला.

उडी मारतानासुद्धा!

स्क्रिप्टने उडीतल्या प्रत्येक फ्रेमचा सर्वांत खालचा पिक्सेल इमानदारीने शोधला आणि तोच जमिनीवर टेकवला. मुलगी गुडघे पोटाशी घेते, लेझीम डोक्यावर नेते, पण वर काही जात नाही. हवेत असणं म्हणजे पाय आणि जमीन यांच्यामध्ये काही नसणं, आणि स्क्रिप्टला ते ‘काही नसणं’ कापून टाकायचीच ताकीद दिलेली. पदर पायाखाली लोंबला तर ती त्यालाही पाय समजते. हिशेब बिनचूक, अक्कल शून्य. अशा मदतनिसाचा राग धरता येत नाही, त्याला कामं मात्र बेतून द्यावी लागतात. उभ्या फ्रेममध्ये ठिपका मी ठेवायचा, कडा कापायच्या नाहीत, आणि तोच ठिपका सगळ्या फ्रेमना लावायची हमाली यंत्राची, असा आता करार आहे.

ही कटकट जुनीच. १९९३ च्या डूम या गेममध्ये प्रत्येक चित्राच्या फाइलच्या माथ्यावर रुंदी आणि उंचीशेजारी दोन आकडे असत: आडवं किती सरकवायचं, उभं किती. राक्षसाचं चित्र त्याच्या ठिपक्यावर कसं बसायचं ते त्या आकड्यांवरून ठरायचं.

दिशांचा घोळ वेगळाच. एसप्राइट डाव्या वरच्या कोपऱ्यातून खाली मोजतं, गेम जिच्यात बांधतात ती युनिटी डाव्या खालच्या कोपऱ्यातून वर, तेही अपूर्णांकात. ३२ च्या चौकटीत वरून ३० पिक्सेलवरचे पाय तिकडे खालून २ भागिले ३२, म्हणजे ०.०६२५ होतात. त्यात अंग १५ पिक्सेल रुंद असेल तर मध्य एका पिक्सेलच्या पोटात येतो. पूर्णांकाचा हट्ट धरला तर चित्र आरशासारखं डावं-उजवं उलटवताना मुलगी एक पिक्सेल सरकते. एक पिक्सेल म्हणजे किती, असं वाटेल. पण तिचा अख्खा डोळाच तेवढा आहे.

सध्या अंगणावर एक घार आणायचं चाललंय. कोण पुढे, कोण मागे हे गेम पिव्होटच्या उंचीवरून ठरवतो. ठिपका घारीच्या पोटाखाली ठेवला तर ती तुळशी वृंदावनावरून न उडता त्याच्या मागून जाते. म्हणून तिचा पिव्होट तिची सावली पडते तिथे, चित्राच्या चौकटीबाहेर ४० पिक्सेल खाली ठेवलाय. तसं चालतं. फक्त ही फाइल स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये ठेवलेली नाही. स्क्रिप्टने घार चालायलाच लावली असती.